मॅनहोलपाशी म्हटलेला पाढा

राबिघच्या रिफायनरीत माझं काम बसण्याचं आहे. हे सांगितलं की लोक हसतात. गावी तर कोणी विश्वासच ठेवत नाही. आखातात जाऊन माणूस नुसता बसतो आणि त्याचा पगार घेतो, हे खरं मानलं असतं तर आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांनी पासपोर्टसाठी रांग लावली असती. पण खरं तेच आहे. इथल्या मोठ्या टाक्या आणि उंच कॉलम, म्हणजे तेल शुद्ध करायचे लोखंडी मनोरे, मधूनमधून बंद करतात, आतून साफ करतात, तपासतात. त्याला शटडाउन म्हणतात. कॉलमच्या अंगाला जागोजागी माणूस जाईल एवढी गोल भोकं असतात, त्यांना मॅनहोल म्हणतात. त्यातून कामगार आत उतरतात आणि भोकाच्या तोंडाशी एक माणूस बसून राहतो. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हवा मारणारा ब्लोअर चालू आहे का, आतला हाकेला ओ देतोय का, हे सगळं त्याने बघायचं. त्याला होल वॉचर म्हणतात. बायकोला पहिल्यांदा हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तुमी बिळाबाहेरची मांजर."

होल वॉचरचे नियम दोन. आत माणूस असेपर्यंत जागा सोडायची नाही आणि काहीही झालं तरी स्वतः आत जायचं नाही. पहिला नियम सगळ्यांना कळतो, दुसरा कळत नाही. आतला माणूस पडला की त्याच्यामागे उडी टाकावीशी वाटतेच. पण तशी उडी टाकणारी माणसं नंतर पहिल्याच्या शेजारी सापडतात, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पुन्हा पुन्हा सांगितलेलं असतं. बाहेरच्याने बाहेरच राहायचं, रेडिओवरून मदत मागायची आणि आतल्याशी बोलत राहायचं. मॅनहोलशेजारी एक बोर्ड टांगलेला असतो. आत जाणारा आपलं ओळखपत्र त्या बोर्डावर अडकवून जातो आणि बाहेर आला की काढून घेतो. बोर्डावर कार्ड आहे याचा अर्थ माणूस आत आहे.

मी तापट आहे. तापट माणसाला बसण्याचं काम देणं ही अल्लाची मस्करी आहे, असं माझा रायगडकडचा रूममेट म्हणतो. त्या वर्षी तर माझं डोकं कायमच तापलेलं होतं, कारण मला रमजान ईदला घरी जायचं होतं आणि कंपनी सोडत नव्हती. घर नवं होतं. खाडीच्या काठाला, बापाच्या जुन्या घराच्या जागी बांधलेलं. त्याचा पाया, त्याचं जोतं, स्लॅब, फरशी, गच्चीचा कठडा, सगळं मी फोनवर पाहिलं होतं. रंग कोणता द्यायचा यावरून बायकोशी फोनवरच भांडलो होतो. पण त्या घरात मी एकदाही झोपलो नव्हतो. आमच्या खोलीतल्या पंख्याचं बटण दाराच्या उजव्या बाजूला आहे की डाव्या, हे मला माहीत नव्हतं. दिवसा कोणाला सांगायला लाज वाटेल अशी ही गोष्ट, पण मला ती फार लागायची.

सुट्टीसाठी ऑफिसात गेलो की तिथला माणूस चहा पाजायचा आणि म्हणायचा, "शटडाउन खलास, मग जा." शटडाउन संपत आलं की यानबूच्या रिफायनरीत दुसरं लागायचं. कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर आपण इथे असतो त्या मालकाला, न विचारता देशाबाहेर जायचा व्हिसा आता आपल्याच मोबाइलवरून मागता येतो म्हणतात. कॅम्पातल्या एकाने मागितलाही. पण तसा गेलेला माणूस परतल्यावर त्याची खाट जागेवर असेल की नाही, हे मोबाइल सांगत नाही. घराचे हप्ते, मुलीचं कॉलेज, सगळं त्या खाटेला बांधलेलं. म्हणून मी मागितला नाही. बायको दर वेळी विचारायची, "कवा येनार?" आणि मी दर वेळी सांगायचो, "शटडाउन झालं की." हे सांगताना मी असा आवाज काढायचो की जणू शटडाउन माझ्या हातात आहे.

त्या शटडाउनला स्पेनहून एक तपासनीस आला. कॉलमच्या आत एकावर एक आडवे ट्रे बसवलेले असतात, त्यांचे जोड बघणं हे त्याचं काम. पन्नाशी ओलांडलेला, रुंद छातीचा, मोठ्याने हसणारा माणूस. आम्ही त्याला इस्पानी म्हणायचो. त्याच्याबरोबर आलेला दुभाषा आठवड्याभरात पोट बिघडवून परत गेला आणि इस्पानी आमच्या ताब्यात आला. माझं इंग्रजी आठ आण्यांचं, त्याचं चार आण्यांचं. तो माझ्या मॅनहोलने आत जायचा, म्हणून त्याला काय सांगितलं आणि काय कळलं हे बघायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

आमचा सुपरवायझर इंग्लंडचा. त्याच्या तोंडात सगळ्या कामाला मिळून एकच शब्द होता. गेट द लॅडर, गेट रेडी, गेट डाउन, गेट इट डन, आणि शेवटी बोट रोखून, यू गेट मी? इस्पानी प्रत्येक वाक्याला "येस, येस" म्हणायचा, सुपरवायझरची पाठ वळली की माझ्याकडे बघायचा आणि हात पसरायचा. शिडी आणायची की शिडीवरून उतरायचं की कळलं का म्हणून विचारतोय, त्याला पत्ता नसायचा. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, त्यामुळे तिथे काही शोधून बघता येत नसे. कॅम्पात जाऊन त्याने फोनवर तो शब्द काढला होता. त्याचे अर्थ बोटाने सरकवता सरकवता जेवण थंड झालं, तरी अर्थ संपले नाहीत, असं त्याने मला खाणाखुणांनी सांगितलं.

आत जाण्याआधी गॅसची तपासणी होते आणि तिचा निकाल येईपर्यंत आम्हाला परातीच्या सावलीत ताटकळावं लागतं. स्कॅफोल्डिंगवरच्या लाकडी फळ्यांना आम्ही पराती म्हणतो. तिथे बसून इस्पानी मला विचारायचा आणि मी त्याला समजवायचो. त्याच्या भाषेत ज्या त्या कामाला वेगळं क्रियापद. उठायला वेगळं, चढायला वेगळं, दमायला वेगळं, चिडायला वेगळं. इंग्रजांनी सगळ्यांना मिळून एक ठेवलंय, घरात एकच पातेलं असावं आणि त्यातच चहा, त्यातच भात, त्यातच धुण्याचे कपडे उकळावेत तसं. मी मोठ्या तोऱ्यात त्याला म्हटलं की आमच्या मराठीतही ज्याला त्याला स्वतंत्र शब्द आहे. रात्रभर माझा तोरा टिकला. सकाळी बसमध्ये आठवलं की आपल्याकडे 'लागणं' आहे. भूक लागते, ऊन लागतं, ठेच लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, आणि वाऱ्याने दारही लागतं. इस्पानीला हे सांगितलंच नाही. कशाला आपणहून शेपूट दाखवायचं.

चार दिवस मी अर्थ सांगत राहिलो आणि तो विसरत राहिला. एक दिवस माझी सटकली. मी त्याला म्हटलं, अर्थ सोड, पाढा म्हण.

आमची शाळा खाडीपलीकडे होती, मराठी, एका खोलीत दोन वर्ग. गुरुजी पाढे समजावून वगैरे देत नसत. सगळी पोरं एका रांगेत, पुढेमागे डुलत, एकाने अर्धी ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली. शनिवारी शर्यत. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि अख्खा पाढा एका दमात म्हणायचा. मध्ये श्वास घेतला की खाली बस. मी एकोणतिसाचा पाढा एका दमात म्हणायचो आणि त्या जोरावर सगळ्या वर्गावर दादागिरी करायचो. ते पाढे मला आजही कोणी मध्यरात्री उठवून विचारावेत. तर तसाच मी त्या इंग्रजी शब्दाचा एक पाढा रचला, आमच्या दिवसाचा. पहिली अर्धी ओळ माझी, इंग्रजीत. दुसरी त्याची, त्याच्या भाषेत.

आय गेट अप, मी म्हणायचो. मे लेवांतो, तो म्हणायचा, म्हणजे उठतो. आय गेट ड्रेस्ड. मे विस्तो, कपडे करतो. आय गेट ऑन द बस. सुबो, चढतो. आय गेट ऑफ. बाहो, उतरतो. आय गेट टायर्ड. मे कान्सो, दमतो. आय गेट अँग्री. मे एन्फादो, चिडतो. हे म्हणताना तो माझ्याकडे बोट दाखवायचा. आय गेट पेड. कोब्रो, पगार घेतो. आणि शेवटी, आय गेट टु माय रूम. येगो, पोचतो. पाढा संपला. सुरुवातीला तो हसून हसून लोळायचा. नेपाळी हेल्पर आमच्याकडे बघून कपाळावर हात मारून घ्यायचा. पण आठवडाभरात पाढा इस्पानीच्या जिभेवर बसला आणि सुपरवायझरने काही म्हटलं की तो मनात तो पाढा चाळून बरोबर ओळ काढू लागला. एका दमातली शर्यतही मी त्याला शिकवली. एवढ्या रुंद छातीचा माणूस, पण तो दर वेळी चिडण्याच्या ओळीला फुटायचा, खोकायचा आणि हार मानायचा.

एके दिवशी तो म्हणाला की पाढा अपुरा आहे. रूम म्हणजे घर नव्हे. घरी पोचण्याची ओळ कुठे आहे? आय गेट होम. येगो आ कासा. मी म्हटलं, आमच्या दिवसात ती येत नाही. तो म्हणाला, "येते, शेवटी येते." मला राग आला. त्याचं तिकीट ठरलेलं होतं, त्याचं काय जातंय. मी ती ओळ घेतली नाही. त्याने स्वतःच दोन्ही अर्ध्या ओळी म्हणायला सुरुवात केली, मी रूमपाशी थांबलो की तो एकटा पुढे जायचा. मी तेवढ्यापुरता बोर्डाकडे बघत बसायचो.

रमजान सुरू झाला. माझा रोजा असायचा. इस्पानी माझ्यासमोर पाणी पीत नसे, परातीच्या मागे जाऊन पिऊन यायचा आणि मिशी पुसून निरागस चेहरा करायचा.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी असरची, दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ जवळ आली होती. इस्पानी आत होता, माझ्या मॅनहोलपासून काही ट्रे खाली. एका ट्रेमधून दुसऱ्यात जायला चौकोनी झरोका असतो, माणूस हात वर करून, अंग चोरून त्यातून जातो. हेल्पर टॉर्चची बॅटरी बदलायला बाहेर आला होता. बोर्डावर इस्पानीचं एकट्याचंच कार्ड होतं. तेवढ्यात भोंगा झाला. शेजारच्या युनिटमध्ये गॅस सुटल्याचा भोंगा, लांब, चढउताराचा. त्यापाठोपाठ वीज तोडली गेली. आतले दिवे गेले आणि ब्लोअर थांबला. ब्लोअरचा आवाज दिवसभर कानात असा भरलेला असतो की तो आहे हेही आपण विसरतो. तो थांबला आणि मला माझ्याच श्वासाचा आवाज यायला लागला.

मी आत तोंड घालून ओरडलो, "बाहेर ये." तो "येस" म्हणाला. शिडीवर बुटांचा आवाज आला. मग काहीतरी घसरलं, लोखंडावर लोखंड घासलं, आणि तो ओरडला. त्याच्या भाषेत ओरडला.

टॉर्च टाकली तेव्हा दिसलं. खालच्या झरोक्यातून त्याचे दोन्ही हात आणि डोकं वर आलं होतं, छाती झरोक्यात होती आणि बाकीचा तो खाली लटकत होता. पाय शिडीवरून सुटला होता. पाठीवर, पडू नये म्हणून बांधतात त्या हार्नेसचे पट्टे होते, त्यांचा हुक ट्रेच्या खालच्या बाजूला कशात तरी अडकला होता. तो वर यायला जेवढा जोर करत होता तेवढा पट्टा आवळत होता. मी रेडिओवर कळवलं. बचावपथक शेजारच्या युनिटकडे पळालं होतं, येतो म्हणाले. सुपरवायझरचा आवाज आला, "डोन्ट यू गेट इन देअर." हे वाक्य मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हेल्परला मी खाली पिटाळलं, पथकाला वाट दाखवून वर आण म्हणून. मग मॅनहोलपाशी मी एकटा उरलो.

मी घाबरलो होतो. त्याच्यासाठी घाबरलो होतो आणि माझ्यासाठीही. भोंगा चालू होता, खाली माणसं वाऱ्याची दिशा बघून पळत होती, आणि मी एका भोकाला बांधल्यासारखा बसलो होतो. आत जायचं नाही. निघून जायचं नाही. माझे हात नुसते रिकामे होते. इतकी वर्षं मी या कामाला बसण्याचं काम म्हणत आलो, त्या दिवशी कळलं की बसणं म्हणजे काय असतं.

आतून त्याचा श्वास ऐकू येत होता. भराभर, वरच्यावर, धापांसारखा. माझी टॉर्च त्याच्या तोंडावर होती आणि तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हणत होतो, शांत राहा, ते येतायत. तो ऐकत नव्हता. घाबरलेल्या माणसाला परक्या भाषेत शांत राहा सांगून उपयोग नसतो, मला तर मराठीतही कोणी शांत राहा म्हटलं की जास्त राग येतो. धाप वाढत चालली होती. मला फक्त एवढं हवं होतं की त्याने मला ओ द्यावी. ओ आली की तो आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, "आय गेट अप."

काही नाही. मी पुन्हा म्हटलं, शाळेच्या चालीत, डुलत म्हणायचो तसं. त्याने मला स्पॅनिशमध्ये शिवी दिली असावी. मी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा आतून फाटक्या आवाजात आलं, "मे... लेवांतो."

"आय गेट ड्रेस्ड."

"मे विस्तो."

बसमध्ये चढलो, उतरलो, दमलो. त्याचा आवाज हळूहळू चालीवर आला. रोज्याने माझी जीभ टाळूला चिकटत होती, थुंकी गिळायलाही उरली नव्हती, पण थांबायची भीती वाटत होती. चिडलो, पगार घेतला. आय गेट टु माय रूम, मी म्हटलं. येगो, तो म्हणाला. मी थांबलो. पाढा माझ्यापुरता संपला होता.

"नो," तो आतून म्हणाला. "नॉट फिनिश."

तो माझी वाट बघत होता. अंधारात, लटकलेला, आणि माझ्या अर्ध्या ओळीची वाट बघत होता. माझ्या तोंडून ती निघेना. का निघेना, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की ही ओळ मी इथे या भोकाशी बसून म्हटली तर मला रडू फुटेल, आणि रडणारा होल वॉचर त्याच्या काय कामाचा. शेवटी त्यानेच म्हटली. "आय गेट होम. येगो आ कासा." मलाच सांगतोय अशी म्हटली.

त्या लांबलेल्या ओळीबरोबर त्याची छाती खाली बसलेली मी टॉर्चमध्ये पाहिली. झरोक्याच्या कडेशी बोटभर फट पडली आणि त्याने श्वास घेतला तशी ती बुजली. मग मला जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. भीतीने तो छाती भरत होता आणि भरलेली छाती झरोक्यात बसत नव्हती. मी ओरडलो, "एका दमात. शनिवार." शनिवारच्या शर्यतीची गोष्ट त्याला माहीत होती. "सगळा पाढा. श्वास घ्यायचा नाही. आणि वर येऊ नकोस, खाली जा."

 अडकलेल्या माणसाला उजेडापासून लांब जायला सांगणं सोपं नसतं. मग त्याने म्हणायला घेतलं, दोन्ही अर्ध्या ओळी एकट्याने. मी आवाज न काढता बरोबर ओठ हलवत होतो. चिडण्याच्या ओळीला तो दर वेळी फुटायचा, म्हणून ती ओळ येताना मी मॅनहोलची कड घट्ट धरली. ती पार पडली. आवाज बारीक होत गेला. पगार, रूम. शेवटचं "कासा" म्हणजे नुसती हवा होती. मग घसरण्याचा आवाज आला, हुक लोखंडावर खणकन आपटला, खाली काहीतरी धप्प पडलं, आणि झरोक्यातलं तोंड दिसेनासं झालं.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. माझा एक हात खांद्यापर्यंत आत गेलेला होता आणि गुडघा मॅनहोलच्या कडेवर चढलेला होता. दोन्ही नियम मला झोपेतही पाठ आहेत म्हणून मी फुशारकी मारतो, पण त्या क्षणी मला एकही आठवत नव्हता. आठवला तो पाढा. घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून मी म्हटलं, "आय गेट अप."

खालून, बऱ्याच खालून, आवाज आला. "मे लेवांतो."

तो खरंच उठत होता. खालच्या ट्रेवर पडला होता आणि उठत होता.

मी गुडघा कडेवरून काढला आणि बाहेरच्या परातीवर बसलो. त्याने खाली हार्नेस सोडून पुन्हा घट्ट बांधला, हुक छातीवर अडकवला आणि अंग चोरून झरोक्यातून वर आला. पथकाची माणसं शिडीवर धापा टाकत पोचली तेव्हा त्याचा हात मॅनहोलच्या बाहेर होता आणि तो मी धरलेला होता. शेजारची गळतीही तोवर बंद झाली होती. त्याच्या बरगड्या सोलवटल्या होत्या, त्यापलीकडे काही नाही. सुपरवायझरने मला विचारलं, तू नेमकं काय केलंस? मी म्हटलं, बोलत होतो. गुरुजींची सगळी गोष्ट त्याला सांगायला माझ्या घशात ओल नव्हती.

त्या संध्याकाळी इस्पानी इफ्तारला आमच्या सतरंजीवर येऊन बसला. खजूर हातात धरून अजान होईपर्यंत थांबला, दिवसभर पाणी पिऊनसुद्धा. रूममेटने त्याच्या ताटात दोनदा भजी वाढली. मी त्याला हसलो नाही आणि तो मला हसला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याचं काम संपलं. शेवटच्या दिवशी तो कॉलममधून बाहेर आला, बोर्डावरचं कार्ड काढलं, खिशात ठेवलं आणि तिथेच उभा राहिला. बोर्ड रिकामा झाला होता. त्याने विचारलं, "तुझं कुठे आहे?"

मी म्हटलं, "माझं नसतं. जो आत जातो त्याचं लावतात. मी बाहेर असतो."

"ईदला घरी जाणार?"

"शटडाउननंतर."

"नंतर कधी?"

मी नेहमीचा आवाज काढायला गेलो आणि तो निघाला नाही. म्हटलं, "माहीत नाही. यानबूला दुसरं लागतंय."

तो बोर्डाकडे वळला. मग त्याच्या चार आण्यांच्या इंग्रजीत, एकेक शब्द शोधत, म्हणाला, "कार्ड नाही. मग तू आत आहेस हे कोणाला कसं कळणार?"

 बस आली, तो चढला. खिडकीतून हात केला. मी दुसऱ्या मॅनहोलवर जाऊन बसलो, कारण तिथे कोणाला तरी आत जायचं होतं.

इफ्तारनंतर कॅम्पाच्या भिंतीला टेकून घरी फोन लावला. बायकोने मुलीचं सांगितलं, गच्चीवर सांडग्यांऐवजी कावळेच जास्त बसतात हे सांगितलं, आणि मग विचारलं, "कवा येनार?"

शटडाउन झालं की, हे ओठावर आलेलं मी गिळलं. म्हटलं, "अडकलोय गं." इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्यापाशी कधी उच्चारला नव्हता. घाबरेल म्हणून नव्हता उच्चारला. ती घाबरली नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, इस्पानी, भोंगा, हुक, पाढा आणि बोर्ड. मोबाइलवरून अर्ज करता येतो आणि मी तो का करत नाही, हेही सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"हाय मी," ती म्हणाली. "तो पाढा सांगा बगू कसा हाय."

तिला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, आय गेट अप, आणि अर्थ सांगितला. "उठलाव," ती म्हणाली. "फुडं?" मी ओळ म्हणायचो, अर्थ सांगायचो आणि ती आपल्या शब्दांत ती पुरी करायची. कपडे घातलेत. बसमंदी बसलाव. उतरलाव. दमलाव. चिडण्याच्या ओळीला ती हसली आणि म्हणाली, ही येगळी सांगायला नको. पगार झाला. रूमवर आलाव.

मी थांबलो. तिला मी शेवटची ओळ सांगितलेली नव्हती. इस्पानीची ओळ मी गोष्टीतून गाळली होती.

"आनि मंग घरी," ती म्हणाली.